वर्डप्रेसच्या मराठी भाषांतरावर पहिल्यांदाच बोलायचंय, मदत हवी

मुद्रितशोधक

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आमच्या जिल्ह्याच्या गावी वर्डप्रेसची मीटअप आहे. वीस-पंचवीस जण जमतात, बहुतेक वेबसाइट करून देणारी तरुण मुलं-मुली. या वेळी संयोजकांनी मला अर्धा तास दिलाय, विषय मराठी भाषांतर. मला कोडिंग येत नाही. बावीस वर्षं मी छापखान्यांसाठी प्रुफं वाचली. तीन वर्षांपूर्वी गावच्या वाचनालयाची वेबसाइट करायचं ठरलं, तेव्हा वर्डप्रेस या वेबसाइट करायच्या सॉफ्टवेअरशी गाठ पडली.

आमचे ग्रंथपाल साठीला आलेले. इंग्रजी स्क्रीन समोर आली की म्हणायचे, "तुम्ही आल्यावर करू." एके दिवशी मी सेटिंगमध्ये जाऊन साइटची भाषा मराठी केली. बटणावर 'प्रकाशित करा' दिसलं आणि त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्याशिवाय पहिली नोंद टाकली: दिवाळी अंक आले आहेत, सभासदांनी वर्गणी भरून घेऊन जावे. ती नोंद मी अजून काढलेली नाही.

पण सभासद-अर्जासाठी घेतलेलं प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, जवळजवळ सगळं इंग्रजीत होतं. एखादा रकाना रिकामा राहिला की लाल अक्षरात 'धिस फील्ड इज रिक्वायर्ड' यायचं आणि सभासदांना वाटायचं, आपल्या हातून काही बिघडलं. म्हणून मी वर्डप्रेसच्या भाषांतराच्या साइटवर खातं काढलं आणि दीड महिन्यात १४० वाक्यं सुचवली. ती सगळी 'वेटिंग'मध्ये, म्हणजे मंजुरीची वाट बघत, जाऊन बसली. आठ महिने. कुणी हो म्हणेना, कुणी नाही म्हणेना. मी तिकडे फिरकणं सोडलं.

मग एका रविवारी सहज उघडून पाहिलं तर १३१ वाक्यं मंजूर झालेली आणि ९ नाकारलेली. नाकारलेल्या प्रत्येकापुढे कुणीतरी बसून कारण लिहिलं होतं. मंजूर झालेल्या १३१ पेक्षा त्या नऊ कारणांमुळे मी परत आले. मला तिथे हेच सांगायचंय. पण सुरुवात कुठून करू? समोरच्यांना हा विषय आपला वाटावा म्हणून काय दाखवू? सुचवा.

चक्रधर

ताई, सुरुवात २००३ पासून करा, कारण तुमचीच गोष्ट तिथे आहे.

त्या वेळी बी२ नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर होतं. मिशेल वाल्ड्रिगी नावाच्या फ्रेंच माणसानं लिहिलेलं. ते वापरणारे बरेच होते, पण मिशेलचा काही महिने पत्ताच नव्हता. जानेवारीत मॅट मलनवेग या १९ वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्यानं आपल्या ब्लॉगवर लिहिलं की हे सॉफ्टवेअर असंच पडून राहू नये, परवाना मोकळा आहे, तर आपणच त्याची नवी फांदी काढून पुढे न्यावं. त्याखाली इंग्लंडमधल्या माइक लिटलनं प्रतिक्रिया दिली: खरंच करणार असशील तर मीही आहे. २७ मे २००३ ला वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. आज जगातल्या दर दहा वेबसाइटींपैकी चारांहून जास्त त्यावर चालतात.

मॅटच्या त्या लिखाणाखाली कुणीच काही लिहिलं नसतं तर? तुमची आठ महिने पडून राहिलेली वाक्यं आणि हा प्रसंग शेजारी शेजारी ठेवा.

आता कामाची माहिती. वाक्य कुणीही सुचवू शकतं. मंजुरीचा हक्क मुख्यतः दोन प्रकारच्या लोकांना असतो. एखाद्या प्लगिनपुरता किंवा थीमपुरता (थीम म्हणजे साइटचं रूप ठरवणारा साचा) हक्क असलेले ते पीटीई, आणि त्या भाषेच्या सगळ्या प्रकल्पांवर हक्क असलेले ते जीटीई. प्लगिनं हजारोंनी आहेत आणि मराठीसाठी हा हक्क असलेली माणसं मोजकी. म्हणजे वाक्यं सुचवणाऱ्यांपेक्षा तपासणाऱ्यांची टंचाई मोठी. कुणीही अडवून धरत नाहीये, हात कमी पडतायत. एका प्लगिनवर चांगलं काम केलेल्या माणसाला त्या प्लगिनपुरता हक्क मागता येतो. हे समोरच्यांना ठासून सांगा, कारण बहुतेकांना ते माहीतच नसतं.

अजून एक. प्लगिनचा भाषेचा पॅक, म्हणजे साइटवर पोचणारा भाषांतराचा संच, पहिल्यांदा तयार व्हायला स्टेबल (लोकांच्या वापरात असलेल्या) आवृत्तीची ९० टक्के वाक्यं मंजूर असावी लागतात. ८५ वर अडकलेलं प्लगिन वापरणाऱ्याला इंग्रजीतच दिसतं. त्यामुळे नवीन दहा प्लगिनांना हात लावण्यापेक्षा अडकलेलं एक पूर्ण करणं कधीही बरं.

अण्णा_मास्तर

चांगला विषय. मी निवृत्त शिक्षक, गावच्या शाळेची साइट सांभाळतो. एक शंका मोकळेपणानं विचारतो, राग मानू नये. यावर मोठमोठ्या कंपन्या पैसा मिळवतात. मग आपण हे काम विनामोबदला का करायचं?

टाकसाळ

अण्णा, उत्तर देतो, कारण पैसा मिळवणाऱ्यांपैकी मी एक आहे. नाशिकला आमचं चार जणांचं ऑफिस आहे, सगळं पोट वर्डप्रेसवर. डॉक्टरांच्या, द्राक्ष बागायतदारांच्या, लॉन्सवाल्यांच्या साइट आम्ही करतो. सॉफ्टवेअरचा एक रुपया आम्ही कुणाला दिलेला नाही, कारण जीपीएल परवान्यात ते वापरायची, उघडून बघायची, बदलायची आणि पुढे वाटायची मुभा आहे. म्हणून मला हा प्रश्न उलटा विचारावासा वाटतो: इतकी वर्षं घेतलं, परत काय दिलं?

२०१४ मध्ये 'फाइव्ह फॉर द फ्युचर' ही कल्पना आली. वर्डप्रेसवर जगणाऱ्यांनी आपल्या वेळेचा ५ टक्के हिस्सा त्याच्यासाठी द्यावा. चाळीस तासांच्या आठवड्याचे ५ टक्के म्हणजे दोन तास. आम्ही शुक्रवारी चार ते सहा ठेवलेत. त्या वेळात गिऱ्हाइकाचा फोन उचलत नाही. एक मुलगी भाषांतर करते, एक मुलगा नव्या आवृत्तीची चाचणी घेतो, मी मीटअपची तयारी बघतो. सुरुवातीला दोन तास फार वाटायचे. आता त्या मुलांना शुक्रवारची वाट असते.

वाचनालयाला मोबदला मिळाला नाही हे खरं. पण ग्रंथपालांनी नोंद टाकली, ती ज्यांच्या भाषांतरामुळे टाकता आली त्यांनाही कुणी पैसे दिले नव्हते.

अण्णा_मास्तर

पटलं. मग माझ्यासारख्यानं नेमकं काय करावं? इंग्रजी बेताचं, मराठी मात्र शिकवत आलो.

मुद्रितशोधक

मास्तर, तुमच्यासारखेच हवेत. माझ्या नऊ नाकारलेल्या वाक्यांतलं पहिलं सांगते. 'फील्ड'ला मी 'क्षेत्र' लिहिलं होतं, 'हे क्षेत्र आवश्यक आहे'. शेरा आला: "क्षेत्र म्हटलं की वाचणाऱ्याला पंढरपूर-आळंदी आठवेल, नाहीतर शेताचं क्षेत्रफळ. इथे 'ही माहिती भरणे आवश्यक आहे' पुरेल." शब्दकोशात बघून माझा शब्द बरोबर होता, पण अर्ज भरणाऱ्या माणसासाठी चुकीचा होता. ही चूक पकडायला इंग्रजी लागत नाही.

वाटसरू_ठाणे

भाषांतराबद्दल माझी तक्रार जुनी आहे. कुणी 'पर्मालिंक'ला (लेखाच्या कायमच्या वेब-पत्त्याला) 'कायमदुवा' करतं, कुणी 'स्थायीदुवा', कुणी तसंच ठेवतं. एका स्क्रीनवर 'पोस्ट', पुढच्यावर 'लेख', तिसरीकडे 'नोंद'. वापरणाऱ्यानं समजायचं काय? माझं मत विचाराल तर रुळलेले शब्द तसेच ठेवावेत. प्लगिन, थीम, लिंक, पासवर्ड हे आता मराठीच आहेत.

चक्रधर

प्लगिन आणि थीमबद्दल सहमत. पण सगळंच तसं ठेवलं तर ताईंच्या ग्रंथपालांचा हात पुन्हा थांबेल. 'ड्राफ्ट'ला 'मसुदा' हा जिवंत शब्द आहे, तो सरकारी कचेरीत रोज चालतो. 'ट्रॅश'ला 'कचरापेटी' पोरालाही कळते. माझी कसोटी एवढीच: शब्द आईला फोनवर सांगता येतो का? "मसुदा म्हणून ठेव" हे सांगता येतं. 'स्थायीदुवा' सांगून बघा.

एकाच गोष्टीला तीन शब्द होऊ नयेत म्हणून प्रत्येक भाषेचा शब्दसंग्रह त्या साइटवरच असतो. भाषांतर करताना मूळ वाक्यातल्या अशा शब्दाखाली रेघ येते आणि ठरलेला शब्द दिसतो. वाद आधी तिथे घालावा, वाक्यावाक्यात नको.

शब्दांपेक्षा अवघड आहे व्याकरण, आणि भाषणात दाखवायला हेच सर्वांत छान. इंग्रजी वाक्य असतं 'अमुक डिलीटेड'. 'अमुक'च्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि एस. प्रत्यक्षात तिथे काय येईल ते ऐनवेळी ठरतं. लेख काढला, नोंद काढली, पान काढलं. समोर काय आहे ते कळल्याशिवाय मराठी क्रियापद जागचं हलत नाही. 'काढून टाकण्यात आले' लिहिलं तर 'नोंद काढून टाकण्यात आले' होतं, आणि ते वाचून मास्तरांच्या कपाळावर आठी येईल.

अण्णा_मास्तर

येईलच. मग करायचं काय?

चक्रधर

वाक्य फिरवायचं. 'अमुक आता कचरापेटीत आहे.' लेख आहे, नोंद आहे, पान आहे. 'आहे'ला लिंग लागत नाही. कायमचं काढलं असेल तर 'अमुक आता यादीत नाही'. अर्थ पूर्ण पोचतो आणि तिन्ही लिंगांत चालतो.

मुद्रितशोधक

हे मी फळ्यावर लिहूनच दाखवणार! आणि माझं नाकारलेलं दुसरं वाक्यही सांगते, कारण त्यात भाषा येण्याचा संबंधच नव्हता. एके ठिकाणी मूळ शब्द होता नुसता 'वर्ड्स'. मी लिहिलं 'शब्द'. नाकारलं. शेरा: "मूळ शब्दाखालची टीप वाचा." टीप खरंच होती, मी पाहिलीच नव्हती. लेखाची लांबी शब्दांत मोजायची की अक्षरांत, हे सॉफ्टवेअर त्या जागेवरून ठरवतं. जपानीसारख्या भाषांत शब्दांमध्ये जागा सुटत नाही, म्हणून त्यांना अक्षरं मोजावी लागतात. मराठीत शब्दच मोजायचे, पण तो शब्द इंग्रजीत जसाच्या तसा लिहायचा, कारण तो माणसासाठी नाही, यंत्रासाठी आहे. काही थीममध्ये फाँटसाठी 'ऑन' असाच ठेवलेला असतो. तुमच्या लिपीला तो फाँट चालत नसेल तर त्या जागी इंग्रजीतच 'ऑफ' लिहायचं. तिथे 'चालू' लिहून उपयोग नाही.

प्रूफ वाचताना समासातली खूण बघायची सवय मला बावीस वर्षांची. इथे ती खूण टीप म्हणून खाली असते, एवढाच फरक.

पाटी_पेन्सिल

भाषांतराच्या पलीकडचं एक सांगते, तेही भाषणात घ्या. मराठी शीर्षक दिलं की त्या पानाचा वेब-पत्ता मध्येच तुटतो, हे किती जणांनी पाहिलंय? आमच्या संस्थेच्या साइटवर 'सार्वजनिक वाचनालयाचा वार्षिक अहवाल' असं शीर्षक दिलं, तर पत्त्यात 'सार्वजनिक-वाचनालयाचा-वार' एवढंच राहिलं. आम्हाला वाटलं काहीतरी बिघाड आहे.

बिघाड नाही, हिशेब आहे. पत्त्याचा हा तुकडा साठवायला २०० चिन्हांची जागा आहे. देवनागरीचा प्रत्येक वर्ण, मात्रा, हलन्त ३ बाइटचा, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट ३ चिन्हांनी लिहिला जातो. म्हणजे एका वर्णाला ९. 'सार्वजनिक'चे मात्रा-हलन्त धरून ९ वर्ण, म्हणजे ८१ चिन्हं. 'वाचनालयाचा'चे १०, म्हणजे ९०. मधल्या दोन रेघा २. झाले १७३. उरली २७, त्यात तीनच वर्ण मावतात: व, काना, र. इंग्रजी अक्षराला मात्र एकच चिन्ह लागतं, त्यामुळे ही अडचण इंग्रजीत लिहिणाऱ्याला सहसा येतच नाही.

उपाय सोपा: प्रकाशित करण्याआधी पत्ता हातानं 'वार्षिक-अहवाल' असा छोटा करा. पण माझा मुद्दा वेगळा आहे. अशा गोष्टी देवनागरीत रोज लिहिणाऱ्यालाच दिसतात. त्यानं सांगितल्या नाहीत तर कोण सांगणार? मूळ सॉफ्टवेअरच्या चुका 'ट्रॅक' नावाच्या जागी नोंदवतात, कोड येत नसला तरी नोंदवता येतात. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, एवढं नीट लिहिलं की पुरे.

रानवाटा

आणि फोटो! वर्डप्रेसची स्वतःची फोटो डिरेक्टरी आहे, डिसेंबर २०२१ पासून. स्वतः काढलेला फोटो द्यायचा, तो सीसी० परवान्यानं सगळ्यांना खुला होतो. ओळखू येईल असा चेहरा चालत नाही. मी कासच्या पठाराचे आणि आमच्या आजोळच्या चुलीचे दिले. हेही योगदान मोजलं जातं.

वाटसरू_ठाणे

एक कडू प्रश्न राहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्टलंडच्या वर्डकॅम्पमध्ये (वर्डप्रेसच्या संमेलनात) मलनवेगनी डब्ल्यूपी इंजिन या वर्डप्रेस-होस्टिंगच्या कंपनीवर जाहीर टीका केली, ऑक्टोबरमध्ये त्या कंपनीनं कोर्टात दावा लावला, डिसेंबरमध्ये कोर्टानं तिच्या बाजूनं अंतरिम मनाई हुकूम दिला. हे सगळं वाचून माझ्या ओळखीचे दोघं बाजूला झाले. मीटअपमध्ये कुणी विचारलं तर ताई काय सांगतील?

टाकसाळ

खरं तेच सांगावं. मलाही त्या काळात झोप नव्हती, गिऱ्हाइकं फोन करून विचारत होती. एका माणसाच्या हातात किती गोष्टी असाव्यात, हा प्रश्न रास्त आहे आणि समाजातल्या लोकांनी तो उघडपणे विचारला, हे बरंच झालं. पण ताईंची १३१ वाक्यं जीपीएलखाली आहेत. उद्या कुणी या सॉफ्टवेअरची नवी फांदी काढली तर ती वाक्यं तिच्याबरोबर जातील, जशी बी२ मधून वर्डप्रेसची फांदी निघाली. वाचनालयाच्या साइटवरून ती कुणी काढून घेऊ शकत नाही. बाजूला झालेल्या दोघांना हे सांगा.

दूरदेशी

जर्मनीतून वाचतोय. युरोपातल्या एका वर्डकॅम्पच्या काँट्रिब्युटर डेला, म्हणजे सगळ्यांनी बसून योगदान द्यायच्या दिवशी, गेलो होतो. मोठ्या हॉलमध्ये प्रत्येक कामाचं वेगळं टेबल: कोड, भाषांतर, मदत, प्रशिक्षण, फोटो. मी भाषांतराच्या टेबलावर बसलो. मराठीचा मी एकटा. शेजारी बास्क भाषेवर काम करणाऱ्या बाई होत्या. त्यांनी विचारलं, तुमची भाषा किती लोक बोलतात? आठ कोटींहून जास्त म्हटल्यावर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या, मग टेबलावरच्या रिकाम्या खुर्च्यांकडे. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. परत येऊन दर आठवड्याला दहा वाक्यं हा नेम केला, अजून मोडला नाही.

वर्डकॅम्प एशिया २०२० मध्ये बँकॉकला व्हायचा होता, कोविडमुळे रद्द झाला. मग २०२३ ला बँकॉक, पुढे तैपेई, मनिला, आणि २०२६ साठी मुंबई. इतक्या जवळ असताना मराठीच्या टेबलावर खुर्च्या कमी पडायला हव्यात.

मुद्रितशोधक

मंडळी, कालच मीटअप झाली, सगळं सांगायला आलेय.

सुरुवात माइक लिटलच्या प्रतिक्रियेपासून केली. मग स्लाइड बाजूला ठेवून फळ्यावर लिहिलं: लेख काढला, नोंद काढली, पान काढलं. खाली 'अमुक ___' लिहून मुलांना म्हटलं, भरा. पाच मिनिटं नुसता गोंधळ. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, 'आहे' वापरलं तर?" चक्रधर, तुमचं उत्तर मी फोडलं नव्हतं, त्यानं स्वतः काढलं.

अर्धा तास कधीच संपला होता. संयोजक म्हणाले, चालू द्या. सगळ्यांनी लॅपटॉप उघडून खाती काढली. मी एकच नियम घातला: आज नवीन काही घ्यायचं नाही, आपल्या गिऱ्हाइकाच्या साइटवर जे प्लगिन आहे त्याचंच एक वाक्य घ्यायचं, म्हणजे उद्या ते कुणाला दिसेल हे माहीत असेल. एक मुलगी, वडिलांचं खताचं दुकान, तिनं त्यांच्या साइटवरच्या चौकशी अर्जाचं वाक्य घेतलं. 'प्लीज एंटर युवर मोबाइल नंबर.' पंधरा मिनिटं विचार केला. आधी 'प्रविष्ट करा' लिहिलं, मग खोडून 'लिहा' केलं. मी काही बोलले नव्हते.

निघताना तिनं विचारलं, "हे दिसायला किती दिवस लागतात?" माझे आठ महिने मी भाषणात सांगितलेच होते, त्यामुळे तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. मी तिला म्हटलं, मी विचारते.

चक्रधर, ते माझ्या अर्जाचंच प्लगिन आहे. त्याचा हक्क तुमच्याकडे आहे ना? काल रात्रीपासून तिचं एक वाक्य वेटिंगमध्ये आहे. मास्तरांनीही त्याच प्लगिनची चार सुचवलीत, आज सकाळी.

चक्रधर

आत्ताच पाहिलं. तिचं मंजूर केलं, 'कृपया आपला मोबाइल क्रमांक लिहा', एका अक्षराला हात लावला नाही. मास्तरांची तीन मंजूर. चौथ्यात टक्क्याचं चिन्ह आणि एस यांच्यामध्ये एक जागा सुटलीय, त्यामुळे ती खूण मूळ वाक्यातल्या खुणेशी जुळत नाही. कारण लिहून नाकारलंय. मास्तर, जागा काढून परत पाठवा, मी जागाच आहे.

आणि ताई, त्या प्लगिनच्या पीटीईसाठी तुमचं नाव सुचवणारी विनंती मी आज टाकतोय. हरकत नाही ना?

अण्णा_मास्तर

परत पाठवलं.